जूं आणि कार्रेरा : शर्यतीच्या शब्दांचा प्रवास

पौष-माघाचे दिवस आले कीं गोंदिया जिल्ह्यांतील धानाचीं शेतें मोकळीं होतात. कापणी आणि मळणी उरकलेली असते, धान घरांत येऊन पडलेलें असतें, बांध्यांतून नुसतीं धसकटें उरलेलीं असतात. आणि मग एखाद्या गांवच्या शिवारांत जमिनीचा एक लांबलचक पट्टा साफसूफ करून तेथें शर्यतीची वाट आंखली जाते. ठरलेल्या दिवशीं सकाळपासूनच त्या वाटेच्या दोहों बाजूंस माणसांच्या भिंती उभ्या राहतात. एका टोकाला शृंगारलेल्या बैलांच्या जोड्या आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. तेवढ्यांत इशारा होतो, “सुटली, सुटली” असा गलका उठतो, धुळीचा एक लोट डोळ्यांसमोरून निघून जातो, आणि कांहीं सेकंदांतच सर्व आटोपतें. हाच झाडीपट्टीचा शंकरपट. शंकराचें वाहन नंदी, म्हणून बैलांच्या या धांवेस शंकराचें नांव मिळालें, असें तिकडील लोक सांगतात.

शहरांतील एखादा पाहुणा असा पट प्रथमच पाहावयास गेला, तर त्याच्या हातीं धुळीखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं. शेजारीं उभा असलेला शेतकरी मात्र तेवढ्याच वेळांत पुष्कळ पाहून घेतो. कोणती जोडी सुटतांना अडखळली, कोणता बैल मध्येंच बाहेर ओढूं लागला, हांकणाऱ्याचा हात कोठें सैल पडला, हें सारें तो बिनचूक सांगतो. दोघांची दृष्टि सारखीच असते. अंतर असतें तें शब्दांचें. ज्या गोष्टीस नांव ठाऊक आहे ती चटकन् दिसते. जिला नांव नाहीं ती डोळ्यांपुढून गेली तरी मनांत ठरत नाहीं. म्हणून कोणत्याहि शर्यतीची खरी ओळख व्हावयाची, तर प्रथम तिची भाषा शिकली पाहिजे.

ही भाषा दुसऱ्या एखाद्या दूरच्या भाषेच्या शेजारीं ठेवून पाहिली, म्हणजे तिचे विशेष अधिक ठळक दिसूं लागतात. स्पॅनिश ही अशीच एक दूरची भाषा. ती सुमारें वीस देशांची राजभाषा आहे. घोड्यांच्या, सायकलींच्या, मोटारींच्या आणि पायीं धांवण्याच्या शर्यतींचा मोठा शब्दसंग्रह तिच्यापाशीं आहे. तिचे शब्द आणि गोंदियाच्या शिवारांतील शब्द यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, अशी अपेक्षा प्रथमदर्शनीं कोणी करणार नाहीं. परंतु थोडें खोल गेल्यास तो संबंध आढळतो, आणि तोहि अगदीं अनपेक्षित जागीं.

प्रथम ‘शर्यत’ हाच शब्द घ्यावा. अरबींतील ‘शर्त’ फारसीच्या मार्गानें मराठींत आला. त्याचा अर्थ अट, करार किंवा पैज. म्हणजे धांवणें हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. दोघांनीं कांहीं अट ठरवून पैज मारली, आणि त्या पैजेचें नांव पुढें धांवेस मिळालें. ‘प्रयत्नांची शर्थ केली’ असें म्हणतांना जी ‘शर्थ’ येते, तीहि याच शब्दाचें दुसरें रूप होय. ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’ प्राकृतांतून झिजत येऊन बनला. तेव्हां मराठींतील शर्यत पायांपासून सुरू होत नाहीं. ती दिलेल्या शब्दापासून सुरू होते. दोन माणसें कांहीं बोलून बसतात, आणि मग बैलांना तें बोलणें खरें करून दाखवावें लागतें.

स्पॅनिशमध्यें शर्यतीला ‘कार्रेरा’ म्हणतात. या शब्दाची जन्मकथा निराळी आहे. लॅटिनमध्यें गाडीला ‘कार्रुस’ असें नांव होतें. तें रोमन लोकांनीं गॉल देशच्या केल्टिक लोकांकडून उचललें. त्यावरून गाडी जाण्याच्या रस्त्यास ‘कार्रारिया’ म्हणूं लागले, आणि त्याचेंच पुढें ‘कार्रेरा’ झालें. आरंभीं नुसती गाडीवाट, मग त्या वाटेवरची धांव, आणि अखेरीस कोणतीहि शर्यत, असा अर्थाचा विस्तार होत गेला. आज घोड्यांची शर्यत ही कार्रेरा, अडथळ्यांची शर्यत ही कार्रेरा, मोटारींचीहि कार्रेराच. एवढ्यानेंहि शब्द थांबला नाहीं. विद्यापीठांतील वैद्यकाचा किंवा कायद्याचा संपूर्ण अभ्यासक्रम म्हणजे कार्रेरा, आणि माणसानें जन्मभर केलेला पेशा हीहि त्याची कार्रेराच. इंग्रजीच्या द्वारें मराठी घरांत रुळलेला ‘करीअर’ हा शब्द याच घराण्यांतला. तो फ्रेंचांतून इंग्रजींत गेला. मुलाच्या करीअरची काळजी वाहणाऱ्या सुशिक्षित आईबापांस बहुधा ठाऊक नसतें, कीं आपण एका जुन्या गाडीवाटेविषयींच बोलत आहों. स्पेनमध्यें कार्रेरा म्हटल्यावर आतां कोणाच्या डोळ्यांपुढे गाडी येत नाहीं. परंतु शब्दाचा तो मूळचा, विसरलेला अर्थ गोंदियाच्या शिवारांत अद्याप धांवत आहे.

शर्यतीच्या आरंभास स्पॅनिशमध्यें ‘सालीदा’ म्हणतात. त्याचा साधा अर्थ बाहेर पडणें. रेल्वे-स्थानकावर गाडी निघण्याची वेळ दाखवितांना हाच शब्द लिहितात. मराठींतहि अगदीं असेंच आहे. गोंदिया जंक्शनवरून गाडी ‘सुटते’, आणि पटाच्या वाटेवर जोडीहि ‘सुटते’. मात्र येथें एक बारीक भेद आहे. सालीदा म्हणजे केवळ निघणें. ‘सुटणें’ यांत आधीं बांधलेलें असणें गृहीत धरलेलें आहे. ज्यानें कधीं उधळूं पाहणारी जोडी चार माणसांनीं मिळून थोपवून धरलेली पाहिली आहे, त्यास मराठी क्रियापदांतील ही खुबी समजावून सांगावी लागत नाहीं. मुलांच्या धांवण्याच्या शर्यतींत स्पॅनिश शिक्षक “प्रेपारादोस, लिस्तोस, या!” असा पुकारा करतात. तयार व्हा, सज्ज व्हा, आतां! शेवटचा ‘या’ मराठी कानाला आमंत्रणासारखा वाटतो. परंतु तो ऐकून जो जवळ येईल तो शर्यत हरेल.

शर्यत जेथें संपते त्या जागेचें स्पॅनिश नांव ‘मेता’. प्राचीन रोममध्यें रथांच्या शर्यती होत. लांबट रिंगणाच्या मधोमध एक भिंत असे, आणि तिच्या दोन्ही टोकांस शंकूच्या आकाराचे खांब उभे असत. हे खांब म्हणजे मेता. त्यांना वळसा घालीत रथ बहुधा सात फेरे करीत. वळतांना खांबाला फार जवळ गेलें तर चाक आदळे, आणि फार दूर राहिलें तर वेळ जाई. म्हणून सारथ्याचें सारें कौशल्य मेतापाशीं पणास लागे. ज्या जागीं वळावयाचें त्या जागेचें नांव काळाच्या ओघांत थांबण्याच्या जागेस मिळालें. आज स्पॅनिश माणूस आपल्या आयुष्यांतील ध्येयासहि मेताच म्हणतो. शर्यतीच्या वाटेस ‘पीस्ता’ म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ पाऊलखूण, माग. चोराचा शोध घेणारा स्पॅनिश पोलीस पीस्ता हुडकतो, आणि धांवणारा पीस्तावरून धांवतो.

‘शर्यत’ अरबींतून आली, म्हणून मराठीनें संकोच करण्याचें कारण नाहीं. स्पॅनिशनेंहि तेथूनच पुष्कळ घेतलें आहे. घोडेस्वारास, आणि म्हणून शर्यतींतील जॉकीसहि, स्पॅनिशमध्यें ‘खिनेते’ असें नांव आहे. उत्तर आफ्रिकेंत झेनाता नांवाची बर्बर जमात होती. हलक्या घोडदळासाठीं तिची ख्याति होती. स्पेनमध्यें मुसलमानी सत्ता असतांना हे स्वार तेथें आले, आणि जमातीचें नांव अरबी उच्चारांतून स्वाराचें सामान्य नांव होऊन बसलें. एकाच अरबी भाषेनें पश्चिमेस स्पॅनिशला स्वार दिला आणि पूर्वेस मराठीला शर्यत दिली.

शर्यतीच्या प्रकारांचीं स्पॅनिश नांवेंहि उद्बोधक आहेत. ‘वुएल्ता’ म्हणजे फेरा. इ. स. १९३५ पासून स्पेन देशाला सायकलीवरून फेरा घालण्याची जी मोठी शर्यत होते, तिचें नांवहि वुएल्ताच. सायकलस्वारांचा जो घोळका एकमेकांस चिकटून जातो त्यास ‘पेलोतोन’ म्हणतात. ‘पेलोता’ म्हणजे चेंडू, आणि हा घोळका एखाद्या गुंडाळीसारखा दिसतो. एकेका स्वारानें एकट्यानें धांवावयाचें आणि घड्याळानें निर्णय द्यावयाचा, अशा शर्यतीस ‘कोंत्रार्रेलोख’ म्हणतात; म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. महाराष्ट्रांतील बैलांच्या शर्यतींतहि हे भेद आहेतच. पुणें जिल्ह्यांत खेड, जुन्नर, आंबेगांव या भागांतील बैलगाडा एका वेळीं एकच सुटतो. चढणीच्या वाटेस तेथें ‘घाट’ म्हणतात, गाड्याच्या पाळीस ‘बारी’ म्हणतात, पुढें घोडी धांवते आणि सेकंद मोजले जातात. ज्याचा गाडा सर्वांत कमी वेळांत घाट चढतो तो ‘घाटाचा राजा’ ठरतो. ही शुद्ध कोंत्रार्रेलोख होय. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर अनेक गाड्या एकदम सुटतात. झाडीपट्टींत कोठें दोन जोड्या शेजारीं-शेजारीं धांवतात, कोठें घड्याळ लावून निकाल होतो. एकाच खेळाला एका टोकास बैलगाडा आणि दुसऱ्या टोकास शंकरपट अशीं नांवें असावींत, हें महाराष्ट्राच्या विस्तारास साजेसेंच आहे.

आतांपर्यंत पाहिलेले शब्द अर्थानें एकमेकांशेजारीं बसतात. परंतु त्यांचीं मूळें वेगवेगळीं आहेत. खरें आश्चर्य पुढेंच आहे. बैलांच्या मानेवर जें लाकूड ठेवतात त्यास मराठींत ‘जूं’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘युग’ यापासून आला. स्पॅनिशमध्यें त्याच लाकडास ‘युगो’ म्हणतात, आणि तो शब्द लॅटिन ‘युगुम्’ यापासून आला. हें उच्चारांचें योगायोगानें जुळलेलें साम्य नव्हे. संस्कृत आणि लॅटिन या एकाच आद्य भाषेच्या लेकी, आणि जोखडाचें हें नांव दोघींनीं हजारों वर्षांपूर्वीं एकाच माहेराहून आणलेलें आहे. जुंपलेल्या जोडीस स्पॅनिशमध्यें ‘युन्ता’ म्हणतात. त्याचा शब्दार्थ ‘जोडलेली’ असा आहे. म्हणजे मराठी ‘जोडी’ आणि स्पॅनिश ‘युन्ता’ यांचीं मूळें निराळीं असलीं, तरी त्यांच्यामागील कल्पना एकच. स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतांत आजहि बैलांची जोडी जुंपून तिच्याकडून जड दगड ओढवून घेण्याच्या चढाओढी गांवोगांवच्या चौकांत होतात. तेथें वेगाची परीक्षा नसते, बळाची असते. परंतु भोंवतालचा गलका, आणि आपल्या जोडीविषयींचा मालकाचा अभिमान, झाडीपट्टींतील शेतकऱ्यास अनोळखी वाटणार नाहीं.

जुंवाइतकाच महत्त्वाचा दुसरा शब्द ‘धुर’. गाडीच्या ज्या पुढल्या भागास जूं बांधतात त्या भागाशीं याचा संबंध आहे, आणि गाडी हांकणाऱ्यास विदर्भांत ‘धुरकरी’ म्हणतात. शंकरपटांत मालकापेक्षांहि या धुरकऱ्याकडे लोकांचें लक्ष असतें. मालक जोडी पोसतो, चारतो, नटवितो. परंतु त्या कांहीं सेकंदांत जोडीचें आणि मालकाचें नांव एकट्या धुरकऱ्याच्या हातीं असतें. दोन बैलांचा स्वभाव क्वचितच सारखा असतो. एक उतावळा, दुसरा थंड. एकाला आवरून दुसऱ्याला चढवावयाचें, आणि दोघांचीं पाऊलें एका तालांत आणावयाचीं, ही त्याची विद्या. ही विद्या पुस्तकांत नाहीं. ती कासऱ्यांतून हातास कळते.

याच ‘धुर’ शब्दानें मराठी जीवनांत मोठा प्रवास केला आहे. घराची ‘धुरा’ वाहणें, संस्थेची धुरा सांभाळणें, हे प्रयोग सर्वांच्या तोंडीं आहेत. ‘धुरंधर’ म्हणजे जूं पेलणारा. मग विद्वान् असो वा मुत्सद्दी, मोठ्या माणसास आदरानें हेंच नांव मिळतें. ‘धुरीण’ हाहि त्याचाच भाऊ. येथें दोन भाषांच्या मनांतील फरक उघड होतो. गाडी दोघींनींहि पाहिली. स्पॅनिश भाषेनें गाडीखालची वाट उचलली, आणि माणसाचें आयुष्य ही एक धांव आहे, ती कार्रेरा आहे, असें म्हटलें. मराठीनें गाडीचा भार उचलला, आणि आयुष्य ही वाहावयाची धुरा आहे असें म्हटलें. एकीनें कोठवर पोंचलास हें विचारलें. दुसरीनें काय पेललेंस हें विचारलें. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु आजच्या शहरांतील मुलाला पहिलाच प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि दुसरा बहुधा विसरला जातो.

असे शब्द टिकतात ते वापरानें. ‘धुरंधर’ पुस्तकांत शिरला, म्हणून तो सुरक्षित आहे. ‘धुरकरी’ मात्र शिवारांतच राहतो. शिवारांतील खेळ थांबला तर त्याचें काय होईल, हा प्रश्न मध्यंतरीं खरोखरच उभा राहिला होता. दिनांक ७ मे १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांस बंदी केली. प्राण्यांना होणाऱ्या यातना हें तिचें कारण होतें, आणि तें कारण खोटें नव्हतें. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०१७ मध्यें कायद्यांत दुरुस्ती केली. तरी तिच्यावरहि वाद होऊन शर्यती बंदच राहिल्या. पुढें १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें राज्यांचे कायदे वैध ठरविले. मधलीं सात वर्षें कायद्यानें पटाची वाट मोकळीच राहिली. दहा वर्षांचा मुलगा तेवढ्या काळांत सतरा वर्षांचा होतो. ज्या वयांत बापाच्या खांद्यावर बसून किंवा माणसांच्या पायांतून डोकें काढून हे शब्द आपोआप शिकावयाचे, तें वय एका संपूर्ण पिढीच्या बाबतींत शब्दांवांचून गेलें.

तथापि प्रत्येकच शब्द जपावयाचा काय, याचाहि विचार झाला पाहिजे. विदर्भांत ‘तुतारी’ म्हणजे केवळ वाजविण्याचें वाद्य नव्हे. बैल हांकण्याच्या टोकाला खिळा मारलेल्या काठीसहि तेथें तुतारी म्हणतात. पश्चिमेकडे तिला ‘पराणी’ असें नांव आहे. बैलाच्या अंगांत आर खुपसून त्याला पळविणें यांत कोणतेंहि कौशल्य नाहीं. नवीन नियमांनीं काठी, चाबूक आणि विजेचा धक्का यांस मनाई केली आहे, आणि धांवण्यापूर्वीं जनावरांची वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. म्हणजे कायद्यानें एक निवड केली: तुतारी नको, धुरकरी असूं द्या. ही निवड भाषेच्या दृष्टीनेंहि ग्राह्य आहे. ज्या धुरकऱ्याला आवाजानें आणि कासऱ्यानें जोडी आणतां येते, त्यालाच त्याचें नांव शोभतें. तुतारीचा हा अर्थ शब्दकोशांत राहिला तरी पुरे. माणसें पूर्वीं काय करीत हें त्यावरून पुढल्यांना कळेल. धुरकरी मात्र वाटेवर दिसला पाहिजे. हे नियम किती गांवांत मनापासून पाळले जातात, यावरच या खेळाचें आणि त्याच्या शब्दांचें भवितव्य अवलंबून आहे.

गोंदिया जिल्हा हा शब्दांच्या दृष्टीनें मोठा संपन्न प्रदेश आहे. दिनांक १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून तो वेगळा झाला. एका अंगास मध्यप्रदेश, दुसऱ्या अंगास छत्तीसगड. त्यामुळें येथील बाजारांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या साऱ्या एकमेकींच्या शेजारीं नांदतात. झाडीबोलींत ‘ण’ चा ‘न’ होतो, पाण्याचें ‘पानी’ होतें, आणि शाळेंत शिकलेला मुलगा कित्येकदां आपल्याच आजोबांच्या बोलीस अशुद्ध समजून टाकून देतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं या बोलीचे शब्द कोशांत आणून तिला मान मिळवून दिला, हें मोठेंच काम झालें. परंतु कोशांत शब्दाचा अर्थ सांपडतो. त्याचा स्वर सांपडत नाहीं. “सुटली” हा शब्द हजार कंठांतून एकदम कसा निघतो, हें ऐकण्यास शिवारांतच जावें लागतें.

पट असेल त्या दिवशीं गांवांत घरोघरीं पाहुणे येतात, लेकी-जांवई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. सूर्य मावळला, जोड्या गोठ्यांत परतल्या, म्हणजे रात्रीं मंडपांत झाडीपट्टीचें नाटक उभें राहतें, तें पहाटेपर्यंत चालतें. नाटकाच्या आधीं आणि मधल्या वेळांत प्रेक्षकांत बोलणें चालतें तें दिवसाच्या धांवेचेंच. कोणाची जोडी नीट सुटली, कोणत्या धुरकऱ्यानें शर्थ केली, कोणाच्या थंड बैलानें दगा दिला, याची पुनःपुन्हां उजळणी होते. सात वर्षें मुका राहिलेला शब्दसंग्रह असा पुन्हां बोलता झाला आहे. शहरांतून गेलेल्या पाहुण्यानें त्या रात्रीं नाटकाइतकेंच लक्ष या बोलण्याकडे द्यावें. जूं, जोडी, धुर, कासरा, इतके चार शब्द कानावर पडून ओळखीचे झाले, तरी दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेवर त्याला धुळीपलीकडचें पुष्कळ कांहीं दिसूं लागेल.